घरच्या घरी जावास्क्रिप्ट : आधी पाटी, मग वही

सहावी-सातवीतलं मूल ज्या घरात आहे, त्या घरात ‘कोडिंग’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी, असं म्हटलं गेलं. मग शिकवण्यांच्या जाहिराती सुरू झाल्या. फीचा आकडा ऐकला की पुष्कळ घरांत महिन्याचं अंदाजपत्रक पुन्हा मांडावं लागतं. मूल मात्र साधंच विचारतं, “आई, हे चालवायचं कुठे?” आणि आपण “बाबा आले की विचार हं,” म्हणून मोकळ्या होतो.

दुसऱ्या बाजूनं पाहा. एक वाचक भगिनी कॉलेजच्या मुलांना डबे पुरवतात. त्या लिहितात, “महिन्याच्या शेवटी खाड्यांवरून हटकून वाद होतो. हिशोब माझाच बरोबर असतो, पण समोरचा मोबाईल काढून पटापट काहीतरी दाबतो आणि मी गप्प बसते. दोन-दोनशे रुपये असेच सोडून दिले आहेत.”

या दोन्ही घरांना आज एकच उत्तर द्यायचं आहे. ते फुकट आहे आणि तुमच्या घरच्या संगणकात आधीपासूनच बसवलेलं आहे.

ही भाषा कोणती?

आपण दोन दिवस माहेरी जाताना घरच्यांसाठी चिठ्ठी लिहून ठेवतो. कुकरच्या तीन शिट्ट्या करा, दूध आलं की तापवा, रात्री गॅसचा कॉक बंद करा. कोडिंग म्हणजे संगणकाला लिहिलेली अशीच चिठ्ठी. फरक इतकाच, की घरची माणसं न लिहिलेलंही समजून घेतात; संगणक लिहिलं तेवढंच करतो, आणि लिहिलं तसंच करतो.

ही चिठ्ठी लिहिण्याच्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांतली आपली आजची भाषा जावास्क्रिप्ट. नेटस्केप या कंपनीत काम करणाऱ्या ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात तिचं पहिलं रूप अवघ्या दहा दिवसांत तयार केलं. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट झालं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट ठरलं. जावा नावाची दुसरी एक भाषा आहे, तिच्याशी हिचं नातं चिंच आणि विलायती चिंच यांच्याइतकंच! तेव्हा क्लासवाल्याने “आम्ही जावा शिकवतो” म्हटलं, तर ते वेगळं प्रकरण आहे हे ध्यानात ठेवा.

हिच्यापासूनच सुरुवात का करायची? वेबसाठी पीएचपीसारख्या दुसऱ्याही भाषा आहेत. पण पीएचपीचा स्वयंपाक खानावळीत, म्हणजे सर्व्हर नावाच्या दूरच्या संगणकावर होतो आणि आपल्याकडे तयार ताट येतं. ती घरी चालवायची तर आधी खानावळीचं सामान घरात आणून मांडावं लागतं. जावास्क्रिप्टचा स्वयंपाक मात्र आपल्याच ओट्यावर होतो. हा ओटा म्हणजे ब्राउझर : क्रोम, एज, फायरफॉक्स किंवा सफारी. ज्यातून आपण रेल्वेचं तिकीट काढतो, पाककृती पाहतो, तोच. वेगळं काही विकत घ्यायला नको, की कुणाला बोलावून बसवून घ्यायला नको.

पाटी कुठे सापडते?

संगणक सुरू करून क्रोम किंवा एज उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’ हा शब्द (ए, बी, ओ, यू, टी), मग विसर्गासारखे दोन ठिपके, मग ‘ब्लँक’ (बी, एल, ए, एन, के) असं सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत लिहा आणि एंटर दाबा. कोरं पांढरं पान येईल. आता कंट्रोल आणि शिफ्ट ही दोन बटणं धरून ठेवा आणि जे दाबा. फायरफॉक्स असेल तर जे ऐवजी के. पानाच्या कडेला किंवा खाली एक चौकट उघडेल. तिचं नाव कन्सोल. तिच्यात एक छोटा बाण आणि लुकलुकणारी रेघ दिसते. हीच आपली पाटी.

पाटीवर आधी सोपी बेरीज करू. लिहा :

४५ + ३०

एंटर दाबा. खाली ७५ हे उत्तर येईल. झालं! तुम्ही जावास्क्रिप्ट चालवलीत. बाकीचं सगळं याच्याच पुढचं आहे.

एक गोष्ट मात्र इथेच पक्की करा. या पानावर आम्ही आकडे देवनागरीत छापले आहेत, पण तुम्ही कन्सोलमध्ये आकडे इंग्रजीच लिहायचे. देवनागरी पाच लिहिलात तर ती भाषा त्याला आकडा मानत नाही आणि लाल अक्षरांत तक्रार करते. गुणाकारासाठी फुलीऐवजी चांदणी * आणि भागाकारासाठी तिरपी रेघ / वापरायची.

डब्यावर चिठ्ठी

आता गंमत पाहा. आकडे इंग्रजी हवेत, पण नावं मराठीत चालतात! संगणकावर मराठी टाईप करता येत असेल तर एकेक ओळ लिहून प्रत्येकीनंतर एंटर दाबा :

दर = ८०
दिवस = २६
खाडे = ३
(दिवस - खाडे) * दर

उत्तर येईल १८४०. रविवार सोडून २६ दिवस, तीन खाडे, ८० रुपये डबा. मराठी टाईप होत नसेल तर हीच नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, काही बिघडत नाही.

इथलं ‘=’ हे चिन्ह शाळेतल्या गणितातलं ‘बरोबर’ नव्हे. फडताळातल्या डब्यावर आपण ‘साखर’ अशी चिठ्ठी चिकटवतो आणि आत साखर भरतो, तसं हे आहे. डावीकडे चिठ्ठीवरचं नाव, उजवीकडे आत काय भरायचं ते. उद्या दर वाढला तर ‘दर = ९०’ लिहायचं; जुना माल जातो, नवा येतो. पण लक्षात ठेवा, आधी काढलेलं १८४० आपोआप बदलत नाही. हिशोबाची ओळ पुन्हा चालवावी लागते. त्यासाठी ती पुन्हा टाईप करायला नको. कीबोर्डवरचा वर जाणारा बाण दाबत गेलं की मागच्या ओळी एकेक परत येतात.

नावात मोकळी जागा सोडायची नाही. ‘मागची बाकी’ चालणार नाही. ‘मागची_बाकी’ असं खालच्या रेघेने जोडून लिहिलं की चालतं.

आठ जणांचे आठ हिशोब आठदा मांडायचे का? नाही. इथे कोडिंगचा खरा उपयोग सुरू होतो. रीत एकदाच लिहून ठेवायची :

बिल = (खाडे) => (२६ - खाडे) * ८०

मधला बाण म्हणजे ‘बरोबर’चं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह. या ओळीचा अर्थ : ‘बिल’ नावाची एक रीत आहे; तिला खाडे किती ते सांगा, ती २६ मधून वजा करून ८० ने गुणेल. आता नुसतं

बिल(५)

लिहून एंटर दाबा, १६८० येतील. बिल(०) म्हटलं की २०८०. आपल्याकडे पुरणपोळीची कृती एकदा वहीत उतरवली की दर होळीला तीच उघडतो ना, तसंच हे. या रीतीला कोडिंगच्या भाषेत फंक्शन म्हणतात. मुलाच्या पुस्तकात हा शब्द आला, तर तुम्ही त्याला सांगू शकाल.

लाल अक्षरं दिसली तर?

दिसतीलच. घाबरायचं कारण नाही. कोऱ्या पानावरच्या चुकीने संगणकाचं काही बिघडत नाही आणि फाईली पुसल्या जात नाहीत. लाल अक्षरं म्हणजे रागावणं नव्हे. कुठे अडलं ते दाखवणारं बोट आहे. बहुतेक वेळा पुढच्यांतलंच एखादं कारण असतं.

‘रेफरन्स एरर’ आणि पुढे ‘इज नॉट डिफाइन्ड’ असं आलं, तर त्या नावाचा डबा फडताळात नाही. ‘खाडे’ म्हणायचं होतं आणि एक काना राहून ‘खडे’ झालं, की हीच तक्रार येते. तांदळातले खडे आपण निवडतो, तसं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

‘सिंटॅक्स एरर’ आलं, तर वाक्याची मांडणी चुकली आहे. कंस उघडला पण मिटला नाही, आकडा देवनागरीत पडला, किंवा अवतरणचिन्हं वाकडी आली. हे शेवटचं कारण फार छळतं. मजकूर वर्डमधून किंवा काही फोनांच्या कीबोर्डवरून आणला, की सरळ अवतरणचिन्हांची वळणदार होतात. दिसायला ती सुबक असतात, पण जावास्क्रिप्टला चालत नाहीत. सरळ चिन्हं हातानेच टाईप करावीत.

इंग्रजी शब्दांत मोठी आणि लहान लिपीही एक नव्हे. जिथे लहान अक्षर हवं तिथे मोठं टाकलं, की ओळख पटत नाही.

आता वही

कन्सोल ही पाटी आहे. पान बंद केलं किंवा पुन्हा ताजं केलं की सगळे डबे रिकामे होतात. दर महिन्याला हवा असलेला हिशोब वहीतच उतरवायला हवा. विंडोजच्या संगणकात नोटपॅड नावाची साधी वही असते, ती उघडा आणि पुढच्या ओळी लिहा. इंग्रजी शब्द आम्ही देवनागरीत छापले आहेत. त्यांचं स्पेलिंग खाली दिलं आहे.

<मेटा कॅरसेट="यूटीएफ-८">
<स्क्रिप्ट>
खाडे = प्रॉम्प्ट("किती खाडे?")
बाकी = प्रॉम्प्ट("मागची बाकी?")
अलर्ट((२६ - खाडे) * ८० + बाकी)
</स्क्रिप्ट>

मेटा : एम, ई, टी, ए
कॅरसेट : सी, एच, ए, आर, एस, ई, टी
यूटीएफ : यू, टी, एफ
स्क्रिप्ट : एस, सी, आर, आय, पी, टी
प्रॉम्प्ट : पी, आर, ओ, एम, पी, टी
अलर्ट : ए, एल, ई, आर, टी

सगळी अक्षरं लहान लिपीत. पहिली ओळ मराठी अक्षरं नीट वाचली जावीत म्हणून आहे. ‘स्क्रिप्ट’च्या दोन खुणा म्हणजे चिठ्ठी कुठे सुरू आणि कुठे संपली ते. ‘प्रॉम्प्ट’ आपल्याला विचारतो, ‘अलर्ट’ आपल्याला सांगतो.

आता फाईल जपून ठेवायची, आणि नवशिक्यांचं गाडं हमखास इथेच अडतं. ‘सेव्ह ॲज’ निवडा. फाईलचं नाव इंग्रजीत ‘डबे’ आणि त्यापुढे टिंब देऊन एच, टी, एम, एल. त्याखालच्या ‘सेव्ह ॲज टाइप’ या रकान्यात ‘ऑल फाइल्स’ निवडायला विसरू नका, नाहीतर नोटपॅड गुपचूप मागे ‘डॉट टीएक्सटी’ची शेपटी लावतं. शेजारी ‘एन्कोडिंग’ असेल तिथे यूटीएफ-८ ठेवा. फाईल जपली की तिचं चित्र पाहा. कागदाचं चित्र असेल तर शेपटी लागली आहे. ब्राउझरचं असेल तर काम बरोबर झालं.

त्या चित्रावर दोनदा टिचकी मारा. ब्राउझर विचारेल, “किती खाडे?” ३ लिहा. “मागची बाकी?” २०० लिहा. दोन्हीकडे इंग्रजी आकडे. आणि उत्तर येईल… १८४०२००!

अठरा लाखांवर बिल! मैत्रिणींनो, हे मुद्दामच होऊ दिलं, कारण ही ठेच प्रत्येकीला लागते. प्रॉम्प्टमध्ये आपण जे लिहितो, ते संगणक आकडा म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून घेतो. वजाबाकी-गुणाकारात तो समजूतदारपणे अक्षरांचा आकडा करतो. पण ‘+’ या चिन्हाची कामं दोन आहेत : आकड्यांची बेरीज करणं आणि अक्षरं एकापुढे एक जोडणं. एका बाजूला अक्षरं दिसली की तो जोडतोच. म्हणून १८४० आणि २०० शेजारी शेजारी बसले. उपाय सोपा आहे. बाकीची ओळ अशी करा :

बाकी = नंबर(प्रॉम्प्ट("मागची बाकी?"))

नंबर : एन, यू, एम, बी, ई, आर. यातलं पहिलं अक्षर तेवढं मोठ्या लिपीत. नोटपॅडमध्ये कंट्रोल आणि एस दाबून जपा, ब्राउझरमध्ये एफ-५ दाबून पान ताजं करा. आता उत्तर येईल २०४०. प्रॉम्प्टमध्ये देवनागरी आकडा लिहिलात, तर उत्तराच्या जागी एन-ए-एन अशी तीन अक्षरं येतील. त्यांचा अर्थ, ‘हा आकडा नव्हे’.

पैशांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. कन्सोलमध्ये ०.१ + ०.२ करून पाहा. ०.३ यायला हवं, पण येईल ०.३०००००००००००००००४. संगणक बिघडलेला नाही. एक भागिले तीन आपल्याला दशांशात पुरं लिहिता येत नाही, ३३३ लिहीत बसावं लागतं; तसाच संगणकाला त्याच्या दोन-अंकी पद्धतीत एक दशांश पुरा लिहिता येत नाही. म्हणून पैशांचा हिशोब असेल तर सगळी रक्कम पैशांत मांडावी, साडेबारा रुपयांचे १२५० पैसे, आणि शेवटी शंभराने भागावं.

संगणक नसेल तर

फोनवरच्या क्रोममध्ये कन्सोल नसतं. पण कोडपेनसारख्या संकेतस्थळांवर, किंवा फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावरच्या ‘प्ले’ या पानावर, चिठ्ठी लिहून तिथेच चालवता येते. तिथे तीन रकाने दिसतील. आपला मजकूर जावास्क्रिप्टच्या, म्हणजे ‘जेएस’च्या रकान्यात लिहायचा. तिथे ‘स्क्रिप्ट’च्या खुणा लागत नाहीत. अशा ठिकाणी जपलेलं काम पुष्कळदा सर्वांना दिसतं, म्हणून गिऱ्हाइकांची नावं, फोन नंबर किंवा घरचा पत्ता तिथे लिहू नये. ते आपल्या नोटपॅडच्या वहीतच बरं.

एवढं मात्र कराच

आता ज्या कारणासाठी कोऱ्या पानाचा आग्रह धरला, ते सांगते. कन्सोल ज्या पानावर उघडतो, त्या पानाच्या चाव्याच जणू हातात येतात. बँकेचं किंवा फेसबुकचं पान उघडून तुम्ही आत गेलेल्या असाल, तर तिथल्या कन्सोलमध्ये टाकलेली चिठ्ठी तुमच्या नावाने कामं करू शकते. “ही ओळ इथे चिकटवा, बक्षीस मिळेल,” “कोण तुमचं प्रोफाइल पाहतं ते कळेल,” असे निरोप पाठवणारे भामटे याचाच फायदा घेतात. या फसवणुकीला सेल्फ-एक्सएसएस म्हणतात; म्हणजे चोराने कुलूप फोडायचं नाही, घरधनिणीकडूनच उघडवून घ्यायचं. म्हणूनच क्रोम पहिल्यांदा काही चिकटवताना अडवतो आणि परवानगीचे शब्द हाताने टाईप करायला लावतो. फेसबुकच्या कन्सोलमध्येही ‘थांबा!’ अशा अर्थाचा मोठा इशारा दिसतो.

तेव्हा दोन नियम पाळा. सराव कोऱ्या पानावरच करायचा. आणि जी ओळ आपल्याला समजत नाही, ती कुणीही सांगितली तरी चिकटवायची नाही. हाताने टाईप करावी म्हणजे वाचली तरी जाते. मुलांनाही हे पहिल्याच दिवशी सांगा. तरीही कुणाची फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा. जितका लवकर कराल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक.

शिकवणीची फी भरायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आधी पंधरा दिवस मुलाला शेजारी घेऊन रोज अर्धा तास एवढं करून पाहा. पहिल्या आठवड्यात पाटी, दुसऱ्या आठवड्यात वही. मुलाला गोडी लागते की नाही ते तेवढ्यात कळतं, आणि क्लासवाल्याला काय विचारायचं तेही तुम्हाला कळेल. डबेवाल्या भगिनींना एवढंच सांगणं, की खाड्यांची नोंद रोजच्या रोज कॅलेंडरवर करा. संगणक गुणाकार बरोबर करील, पण खाडे किती झाले हे त्याला तुम्हीच सांगायचं आहे. आणि महिनाअखेरीला पडदा गिऱ्हाइकाकडे फिरवून आकडे त्याच्यासमोरच भरा.

या आठवड्याचा गृहपाठ : दुधाचं बिल. रोज किती लिटर, दर काय, खाडे किती हे तीन प्रश्न विचारून उत्तर सांगणारी वही स्वतः लिहा. कुठे अडलं तर लाल अक्षरांतली ओळ जशीच्या तशी उतरवून आम्हाला पाठवा. नुसतं “चालत नाही” लिहिलंत तर आम्हालाही काही सुचणार नाही, बरं का!